मांडीच्या बाहेरच्या बाजूला

चोपड्यात आमचा घाणा. तीन पिढ्यांचा वास त्याला.
भिंतीला बोट लावा, बोट चकाकतं.
खिशातल्या नोटांत, काट्याच्या पारड्यात,
माझ्या मिशीतसुद्धा शेंगदाणा.
सासरे लग्नात म्हणाले होते,
जावई पिळला तर पावशेर निघेल.

हर्षाली दाणे थुंकायची.
पोह्यांतून वेचून ताटाच्या कडेला लावायची.
आम्ही हसायचो:
तेल्याच्या घरी जन्मून नखरे बघा.

अखाजीचा दुसरा दिवस. निंबाला झोका.
कुणीतरी तिला अर्धी चिक्की दिली,
प्रेमानंच दिली.
आधी ओठ. मग कानाच्या पाळ्या.
मग पोटावर गांधी, एकीत एक मिसळत गेलेल्या.
काय व्हयनं पोरले?
पित्त से, पित्त. आमसूल लावा.
कोणी आमसूल भिजवायला पळालं,
कोणी मीठ-मोहरी घेऊन आलं,
कोणी म्हणालं, ओकू द्या, मोकळी होईल.
ओकली.
मोकळी नाही झाली.
पप्पा, म्हणाली,
माझा घसा छोटा झाला.

हिलालची रिक्षा, बाजाराचा दिवस,
केळीचा ट्रक रस्त्यात आडवा.
मी तिला खांद्याशी उभी धरून बसलो
आणि तिचा प्रत्येक श्वास
शिट्टी मारत माझ्या कानाजवळून गेला.

पावरा सिस्टर दारातच होती.
आडवी करा. उभी नका धरू.
पाय वर घेतले, नाकावर ऑक्सिजन लावला,
आत डॉक्टरांना हाक मारली आणि विचारलं फक्त दोन:
काय खाल्लं? वजन किती?
पहिल्याचं उत्तर माझ्या शर्टाला येत होतं.
दुसऱ्याचं मला येईना.
पोती मोजतो मी, डबे मोजतो,
ग्रॅमभर इकडे-तिकडे झालं तर गिऱ्हाईकाच्या आधी मला कळतं,
आणि पोरीचं वजन
माहीत नाही म्हणालो.
सिस्टरनं तिला नुसतं उचललं, परत ठेवलं.
पंधरा धरा, सर.
काचेच्या कुपीची मान टक् करून मोडली.
दंडात नाही, शिरेत नाही,
फ्रॉक वर सारून
मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध.

पाच मिनिटं असतील. घड्याळ होतं, मी बघितलं नाही.
मग हर्षाली रडली, मोठ्यानं.
मी गप्प करायला पुढे झालो तर सिस्टर म्हणाली,
रडू द्या.
रडायला हवा लागते.

सात वाजता मी चपला शोधत होतो.
घाणा उघडा टाकून आलो होतो ना.
डॉक्टर म्हणाले, आजची रात्र इथंच.
मनात म्हटलं, बिल वाढवायचं असेल;
सरकारी दवाखाना, बिल कसलं,
पण मनात आलं खरं.
अकराला पुन्हा शिट्टी.
पुन्हा टक्. पुन्हा मांडी, दुसरी.

या गोष्टीला वर्ष झालं.
आता पत्र्याच्या डब्यात कुपी आणि सिरिंज,
एक घरी, एक शाळेत खैरनार मॅडमच्या कपाटात.
शिकलो आम्ही भरताच्या वांग्यावर,
पाणी टोचून टोचून.
हिचा हात पहिल्यापासून स्थिर,
माझी तीन वांगी वाया गेली.
वाया म्हणजे भाजून खाल्लीच,
दाण्याशिवायचं भरीत.
खोटं कशाला बोलू, बेचव लागतं.

घाणा चालू आहे. दुसरं काही येत नाही मला.
करडई वाढवली, तीळ घेतले,
दाणा अजून पूर्ण सुटला नाही.
अंगणातल्या नळावर साबण लावून अंघोळ,
कपडे बाहेरच,
मग उंबरा.
ती आतून विचारते, झालं का?
झालं म्हटल्याशिवाय धावत येत नाही.

एक नवा काटा घेतलाय. घाण्यावर नेत नाही.
दर एक तारखेला त्यावर ती उभी राहते,
पोट आत घेऊन, उगाच.
सोळा किलो सातशे.
उधारीच्या वहीत, पहिल्या पानावर लिहितो.